कुरतडलेलं पान: घरच्या बागेत पक्षी, फुलपाखरं आणि मधमाश्या कशाने येतात

बागेत गुलाब आहेत, बोगनवेल आहे, हिरवळ नीट कापलेली आहे, रोज पाणीही घातलं जातं. तरी फुलपाखरू चुकूनमाकून एखादंच दिसतं. पलीकडच्या रिकाम्या जागेत मात्र रुई आणि टाकळा माजलेला असतो आणि तिथे ती दिवसभर भिरभिरत असतात. असं का होतं, हा प्रश्न बाग सांभाळणाऱ्या अनेकांना पडतो. त्याचं उत्तर समजलं, की आपल्या बागेत काय बदलायचं हे बरंचसं आपोआप सुचतं.

कीटक आणि पक्षी कमी होत असल्याच्या बातम्या गेली काही वर्षं सतत येत आहेत. जर्मनीतल्या ६३ संरक्षित क्षेत्रांमधल्या नोंदी २०१७ साली प्रसिद्ध झाल्या. २७ वर्षांत तिथल्या उडणाऱ्या कीटकांचं एकूण वजन तीन चतुर्थांशाहून अधिक घटलं होतं. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवर २०२३ साली अहवाल आला. ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळचा कल सांगता आला, त्यांपैकी २०४ जाती घटलेल्या आढळल्या. एवढ्या मोठ्या घसरणीपुढे आपल्या अंगणाने काय फरक पडणार, असं वाटणं साहजिक आहे. पण इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात जेनिफर ओवेन यांनी आपल्या घराच्या ७४१ चौरस मीटर बागेत १९७२ ते २००१ अशी तीस वर्षं नोंदी ठेवल्या. त्या साध्या, भाजीपाला आणि फुलझाडं असलेल्या बागेत त्यांना २,६७३ जाती सापडल्या. त्यांतले १,९९७ कीटक होते. बाग लहान असली तरी तिच्यात किती जीव राहू शकतात, याचा याहून चांगला पुरावा शोधावा लागत नाही.

## सगळं पानापासून सुरू होतं

सूर्यप्रकाशापासून अन्न बनवतं ते झाड. ते अन्न पक्ष्यापर्यंत पोचवण्याचं काम मुख्यतः पानं खाणारे कीटक करतात, आणि त्यांत अळ्यांचा वाटा फार मोठा असतो. अळी मऊ असते, तिच्यात प्रथिनं आणि चरबी भरपूर असते, आणि पिल्लाच्या चोचीत ती सहज मावते. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिल्लांना पहिले काही दिवस किडेच भरवते. बुलबुल फळं खातो आणि सूर्यपक्षी मध पितो, पण पिल्लांसाठी दोघेही कीटकच शोधतात. उत्तर अमेरिकेतल्या कॅरोलायना चिकडी या चिमुकल्या पक्ष्याची जोडी एका वेळची पिल्लं वाढवायला सहा ते नऊ हजार अळ्या आणते, असं मोजून पाहिलेलं आहे.

म्हणून एकाही पानाला भोक नसलेली बाग पक्ष्यांच्या दृष्टीने रिकामी असते. पानं कुरतडलेली दिसणं ही बागेत काहीतरी बरं चालल्याची पहिली खूण आहे. हे मनाला पटायला वेळ लागतो, कारण कुरतडलेलं पान म्हणजे कीड आणि कीड म्हणजे फवारणी, हीच सवय आपल्याला लागलेली आहे.

## फुलं आहेत, मग फुलपाखरं का नाहीत?

फुलपाखराची मादी अंडी घालताना फूल बघत नाही. ती पायांनी पानाची चव घेते आणि आपल्या अळीला चालेल अशाच झाडावर अंडं चिकटवते. अळी ज्या झाडाची पानं खाऊन वाढते, त्याला त्या फुलपाखराची ‘खाद्यवनस्पती’ म्हणतात. या लेखात एवढी एकच संज्ञा लक्षात ठेवली तरी पुरे.

फुलातला मध हा वाटेवरच्या पाणपोईसारखा आहे, जो येईल त्याची तहान भागते. खाद्यवनस्पतीचं तसं नाही. ती तान्ह्या बाळाच्या दुधासारखी आहे, तिच्या जागी दुसरं काही चालत नाही. झाडं आपल्या पानांत विषारी किंवा कडू रसायनं साठवून स्वतःचं रक्षण करतात. प्रत्येक कुळाची रसायनं वेगळी. ती पचवण्याची क्षमता त्या झाडासोबत लाखो वर्षं वाढलेल्या कीटकातच आलेली असते. रुईचा चीक बहुतेकांना विषारी, पण प्लेन टायगर फुलपाखराची अळी रुईवरच वाढते आणि ते विष अंगात साठवते. त्यामुळे ती अळी आणि पुढे ते फुलपाखरू पक्ष्यांना बेचव लागतं. तीच अळी गुलाबावर ठेवली तर उपाशी मरेल.

गुलाब आणि बोगनवेलीच्या बागेत फुलपाखरू आलं तरी थांबत नाही, याचं कारण हे आहे.

## देशी झाडं हवीत म्हणजे नेमकं काय?

देशी झाड म्हणजे माणसाने आणून न लावता त्या प्रदेशात पूर्वापार वाढत आलेलं झाड. परदेशी म्हणजे बाहेरून आणलेलं. गुलमोहर मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, सुबाभूळ मध्य अमेरिकेकडची. परदेशी झाडांपैकी काही आपणहून पसरत जातात आणि देशी झाडांची जागा घेतात. त्यांना आक्रमक म्हणतात. घाणेरी हे त्याचं ठळक उदाहरण. तिच्या फुलांवर फुलपाखरं गर्दी करतात म्हणून ती लावण्याचा मोह होतो, पण तिची फळं पक्षी खातात आणि बी जंगलात नेऊन टाकतात. घाणेरी लावू नका, आणि जलपर्णी कुठल्याही पाण्यात सोडू नका. या दोन गोष्टींबाबत तडजोड नको.

बाकी परदेशी झाडं उपटून टाकायची गरज नाही. प्रश्न प्रमाणाचा आहे. वॉशिंग्टन शहराच्या परिसरातल्या घरबागांमध्ये वर सांगितलेल्या चिकडीचाच अभ्यास झाला आणि तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्या बागांमध्ये एकूण झाडोऱ्यात देशी झाडांचा वाटा ७० टक्क्यांहून कमी होता, तिथे त्या पक्ष्याची संख्या टिकेल एवढी पिल्लं जगत नव्हती. तो आकडा दुसऱ्या प्रदेशाला आणि दुसऱ्या पक्ष्याला जसाच्या तसा लागू होईल असं नाही. पण दिशा त्यातून कळते: दहा झाडांत सात देशी असावीत, उरलेली तीन आपल्या आवडीची.

## कोणती झाडं, किती आणि कशी लावायची

सुरुवात अशा झाडांनी करा, ज्यांच्यावर हमखास कोणीतरी येतं. कढीपत्ता आणि लिंबू यांवर लिंबाचं फुलपाखरू आणि कॉमन मॉरमॉन अंडी घालतात. लिंबाच्या कुळावर नीलवंत हे मोठं काळं-निळं फुलपाखरूही वाढतं. पानफुटीवर रेड पिएरो येतं. त्याची अळी पानाच्या आत शिरून गर खाते, त्यामुळे पान पारदर्शक आणि मलूल दिसू लागतं. तो रोग नव्हे. बहावा आणि टाकळ्यावर पिवळी-पांढरी फुलपाखरं, कृष्णकमळाच्या वेलावर टॉनी कोस्टर, एरंडावर कॉमन कॅस्टर, कोरांटीवर पॅन्सी गटातली फुलपाखरं, सोनचाफ्यावर टेल्ड जे. आंब्याचं झाड आधीच असेल तर त्यावर कॉमन बॅरनच्या अळ्या असतील. पानाच्या मधल्या शिरेवर ती अळी अशी बेमालूम बसते, की शोधूनही चटकन दिसत नाही.

रुई लावताना एक काळजी घ्या. तिचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्याला इजा होते. छाटणीनंतर हात धुवावेत. कॉमन क्रो हे फुलपाखरू कण्हेरीवर वाढतं, पण कण्हेरीचं प्रत्येक अंग विषारी असतं. लहान मूल किंवा पाळीव प्राणी पानं चघळण्याची शक्यता असेल तर ती टाळा.

प्रत्येक खाद्यवनस्पतीची किमान दोन-तीन रोपं हवीत. कुंडीतल्या एकाच लहान लिंबावर आठ-दहा अळ्या झाल्या, तर शेवटच्या चार-पाच दिवसांत त्या झाड जवळजवळ निष्पर्ण करतात. निरोगी झाडाला काही आठवड्यांत नवी पालवी येते, पण रोप वीतभरच असेल तर मरू शकतं. तीन रोपं असली की अळ्या एकीकडून दुसरीकडे हलवता येतात. हलवताना अळीला चिमटीत धरू नका. ती बसली आहे ते पान देठासकट काढून दुसऱ्या फांदीला अडकवा, ती आपणहून चालत जाईल. लिंबाची अळी आधी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते आणि नंतर हिरवी होते. तिला डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी दुशिंगी अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. तो तिचा बचाव आहे, माणसाला त्याचा काही त्रास नाही.

आता मधाची झाडं. इथे मुख्य गोष्ट म्हणजे वर्षभर काही ना काही फुललेलं असलं पाहिजे. बहुतेक बागा पावसाळ्यानंतर बहरतात आणि कडक उन्हाळ्यात ओस पडतात. हिवाळ्यात अडुळसा आणि कोरांटी, हिवाळ्याच्या शेवटी धायटी, उन्हाळ्यात बहावा आणि कुडा, पावसाळ्यात निर्गुडी. तुळशीच्या मंजिऱ्या खुडून न टाकता दोन-तीन झाडांवर तशाच राहू द्या, मधमाश्या दिवसभर येत राहतील. अडुळसा आणि धायटीवर सूर्यपक्षी येतात. एका जातीची तीन-चार रोपं एकत्र लावा, कारण मधमाशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर जाते. सुटं एकच रोप तिच्या फेरीत बसत नाही. दुहेरी-तिहेरी पाकळ्यांची जी संकरित फुलं असतात, त्यांच्यात परागकोशांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. दिसायला भरगच्च, पण त्यांत पराग आणि मध नावापुरताच. एकेरी पाकळ्यांचं वाण निवडा.

पक्ष्यांना फळं आणि आडोसा लागतो. त्यासाठी करवंदासारखं काटेरी झुडूप फार मोलाचं. मांजराला आत शिरता येत नाही, म्हणून बुलबुल आणि वटवट्या तिथे घरटं करतात. शिंपी पक्ष्याला जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर रुंद, लवचीक पानं हवी असतात, तीच तो शिवतो. कढीपत्त्याची काळी फळं कोकीळ आणि बुलबुल खातात. गुळवेलीची लाल फळंही पक्ष्यांना आवडतात, पण जवळपास संत्र्या-मोसंबीच्या बागा असतील तर गुळवेल लावू नका. फळातला रस शोषणाऱ्या पतंगाच्या अळ्या गुळवेलीवर वाढतात आणि ते पतंग त्या बागांचं मोठं नुकसान करतात. वड, पिंपळ, उंबर पक्ष्यांसाठी उत्तम आहेत, पण त्यांची मुळं भिंतीत आणि नळांत शिरतात. घरापासून निदान दहा मीटर मोकळी जागा नसेल तर त्यांचा विचार सोडावा.

हिरवळ पूर्ण काढायची नसेल तर निम्मी ठेवा, आणि उरलेल्या निम्म्या भागातलं गवत वाढू देऊन बी धरू द्या. मनोली हे छोटे पक्षी ते बी टिपायला येतात. ठेवलेली हिरवळही आठ सेंटिमीटरच्या खाली कापू नये.

## पाणी ठेवलं तर डास होतील ना?

ठेवून विसरलं तर नक्की होतील. उन्हाळ्यात डासाच्या अंड्यापासून पूर्ण डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. त्यामुळे दर दोन दिवसांनी पाणी बदललं तर अळीला डास होण्याइतका वेळच मिळत नाही. पण एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. डेंग्यू पसरवणारा एडीस डास भांड्याच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या वर अंडी चिकटवतो. ती सुकली तरी कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देणं पुरेसं नाही. आठवड्यातून एकदा भांडं ब्रशने घासून उन्हात कोरडं केलं पाहिजे. घासल्याने पक्ष्यांच्या विष्ठेतून पसरणारे रोगही टळतात.

भांडं पसरट आणि खडबडीत हवं. कडेला दोन सेंटिमीटर आणि मध्यभागी जास्तीत जास्त पाच सेंटिमीटर पाणी. गुळगुळीत, खोल बादलीत पक्षी पीत तर नाहीतच, उलट खारी आणि मधमाश्या बुडून मरतात. मध्ये एक दगड पाण्याबाहेर येईल असा ठेवा. भांडं सावलीत आणि झुडपापासून दीड-दोन मीटरवर असावं. त्याहून जवळ असलं तर मांजर दबा धरून बसतं, फार लांब असलं तर घाबरलेल्या पक्ष्याला पळायला आडोसा मिळत नाही. मधमाश्यांसाठी वेगळ्या ताटलीत खडे भरून ते जेमतेम ओले राहतील एवढंच पाणी घाला. फुलपाखरांचे नर ओल्या मातीतले क्षार शोषतात. त्यांच्यासाठी एका पसरट कुंडीत वाळू आणि थोडं कंपोस्ट मिसळून ते सतत ओलसर ठेवायचं आणि त्यात चिमूटभर मीठ टाकायचं.

तळं करायचं असेल तर ते नीटच करा. टबात पाणी भरून चार कमळं सोडली, की ते तळं न होता डासांचं पाळणाघर होतं. लहान तळ्यालाही एका टोकाला ४५ ते ६० सेंटिमीटर खोली आणि दुसऱ्या टोकाला हळूहळू वर येणारा उतार लागतो, म्हणजे बेडूक आणि चुकून पडलेले प्राणी बाहेर येऊ शकतात. कुमुदिनी, काठाला वाळा आणि वेखंड लावावं. चतुर आणि टाचण्यांची पिल्लं पाण्यात वाढतात आणि डासांच्या अळ्या खातात, पण त्यांचा जम बसायला काही महिने जातात. तोवर आणि त्यानंतरही आठवड्यातून एकदा पांढऱ्या वाटीत पाणी घेऊन वळवळणाऱ्या अळ्या दिसतात का ते पाहा. दिसल्या तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस या जिवाणूचं औषध वापरता येतं. ते डासांच्या आणि त्यांच्या जवळच्या नातलग माश्यांच्या अळ्यांनाच मारतं, बेडकांना किंवा माशांना नाही. गप्पी मासे सोडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. ते बेडकांची अंडी-पिल्लंही खातात आणि पुराबरोबर ओढ्यात गेले तर तिथल्या देशी माशांना त्रास देतात. वन्यजीवांसाठीच्या तळ्यात मासे नसलेलेच बरे. घरात लहान मूल असेल तर तळं करूच नका, अगदी उथळ पाण्यातही मूल बुडू शकतं.

## उघडी माती, पाचोळा आणि पोकळ काड्या

मधमाशी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पोळं येतं. पण जगातल्या सुमारे २०,००० जातींच्या मधमाश्यांपैकी बहुसंख्य एकट्या राहतात आणि त्यांतल्या बऱ्याच जमिनीत बीळ करतात. निळ्या पट्ट्यांची अमेगिला माशी अशीच. ती आणि काळा भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतात. टोमॅटो आणि वांग्याच्या फुलांत पराग एका नळीत बंद असतो आणि टोकाच्या छिद्रातून बाहेर पडतो. या थरथरीने तो झडतो. पोळ्यातल्या मधमाश्यांना हे जमत नाही. वांग्याला फुलं येतात पण फळं कमी धरतात, अशी तक्रार असेल तर बागेत या माश्यांना जागा आहे का ते बघावं.

जागा म्हणजे काय? ऊन येणारी, पाणी न साचणारी, अर्धा मीटर लांब-रुंद उघडी जमीन. फरशी नाही, प्लॅस्टिक नाही, पाचोळाही नाही. एवढ्या तुकड्यात खुरपणी करायची नाही. बाकीच्या वाफ्यांत मात्र पाच ते आठ सेंटिमीटर पाचोळ्याचं आच्छादन हवं, फक्त खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर साल कुजते. या पाचोळ्यात दयाळ पक्षी किडे शोधतो, सापसुरळी राहते, आणि कित्येक अळ्या झाडावरून उतरून कोषात जातात. पाचोळा जाळला की हे सगळं त्यासोबत जातं.

काडीत किंवा लाकडाच्या भोकात राहणाऱ्या माश्यांसाठी लाकडी ठोकळ्याला भोकं पाडून ‘मधमाशी घर’ करतात. बाजारात मिळणारी बरीच घरं शोभेची असतात. भोकं चार ते दहा मिलिमीटर रुंद, दहा-पंधरा सेंटिमीटर खोल, आतून गुळगुळीत आणि मागून बंद हवीत. आरपार भोकात माशी अंडी घालत नाही, कुसळं असतील तर पंख फाटतात. पाऊस लागणार नाही अशी जागा निवडा. दर वर्षी त्यातल्या नळ्या बदला, कारण जुन्या नळ्यांत बुरशी आणि परजीवी माइट (कोळ्याच्या जातीचे बारीक जीव) साठतात. एक मोठं घर टांगण्यापेक्षा तीन-चार लहान, दूर-दूर ठेवलेली बरी.

चिमणीच्या पेटीचं तसंच आहे. दार ३२ मिलिमीटर, तळ साधारण १२ ते १५ सेंटिमीटर चौरस, दारापासून तळापर्यंत किमान १२ सेंटिमीटर. पातळ पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची पेटी उन्हात भट्टी होते. दीड-दोन सेंटिमीटर जाड लाकूड वापरा, तळाला पाणी निथळायला दोन भोकं पाडा. दाराखाली बसायला दांडी लावू नका, तिचा उपयोग अंडी पळवणाऱ्यांनाच होतो. जमिनीपासून अडीच-तीन मीटर उंचीवर, दुपारचं ऊन टाळून.

## कीड वाढली तर?

हा आक्षेप सगळ्यात खरा आहे, म्हणून त्याकडे नीट पाहू. मावा घ्या. उबदार हवेत माव्याची मादी नराशिवायच पिल्लं घालते आणि आठ-दहा दिवसांत ती पिल्लंही पिल्लं घालू लागतात. ढालकिडा (लेडीबर्ड), क्रायसोपा हा जाळीदार पंखांचा हिरवा कीटक आणि सिरफिड माशी हे त्याचे शत्रू त्याच्यामागून येतात, कारण खायला पुरेसा मावा झाल्याशिवाय ते अंडी घालत नाहीत. या मधल्या दहा-पंधरा दिवसांतच माणसाचा धीर सुटतो आणि तो फवारतो. फवाऱ्याने मावा मरतो आणि शत्रूही मरतात. उरलेला मावा भराभर वाढतो, शत्रू मात्र हळूहळूच परततात. पुढचा हल्ला आधीच्याहून मोठा असतो.

म्हणून दोन आठवडे थांबा. फारच झालं तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मावा पाडा. त्याने नाही भागलं तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर सौम्य द्रवसाबण मिसळून फक्त मावा असलेल्या शेंड्यांवर, संध्याकाळी मारा. त्याआधी ढालकिड्याची अळी ओळखायला शिका. ती काळी, लांबट, खरखरीत, नारिंगी ठिपक्यांची असते आणि मोठ्या ढालकिड्यासारखी मुळीच दिसत नाही. पुष्कळ लोक तिलाच कीड समजून चिरडतात. क्रायसोपाची अंडी पानावर केसासारख्या देठांच्या टोकाला उभी असतात, तीही पुसू नका.

आंतरप्रवाही कीटकनाशकं पूर्ण टाळावीत. ही औषधं मुळातून किंवा पानातून झाडात शोषली जातात आणि पानापासून परागापर्यंत सगळीकडे पोचतात. इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम ही त्यांतली नेहमीची नावं. मधमाश्यांना होणाऱ्या धोक्यामुळे युरोपीय संघाने २०१८ साली त्यांच्या उघड्यावरच्या वापरावर बंदी घातली. रोपवाटिकेतून रोप आणताना ‘याला कोणतं औषध दिलंय’ असं विचारा, नाहीतर फुलपाखरासाठी आणलेल्या झाडावरच अळ्या मरून पडतील. कडुनिंबाचं तेल नैसर्गिक असलं तरी अळ्यांना ते चालत नाही. खाद्यवनस्पतीवर ते नको. उंदरांची विषारी गोळी खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला तर घुबडही मरू शकतं. उंदरांसाठी पिंजराच लावा.

भाजीपाल्याचं काय? तिथे थोडी कडक शिस्त चालेल. भाजीचा वाफा वेगळा ठेवा, त्यावरच्या अळ्या हाताने वेचा आणि पक्ष्यांना दिसतील अशा मोकळ्यावर टाका.

## साप येतील, मधमाश्या चावतील

साप दोन गोष्टींसाठी येतो: उंदीर आणि लपायला जागा. उंदीर येतो तो सांडलेल्या दाण्यांसाठी आणि उघड्या खरकट्यासाठी. म्हणजे कंपोस्टच्या खड्ड्यात किंवा पेटीत शिजवलेलं अन्न टाकू नये आणि कंपोस्टच्या पेटीच्या तळाला सहा मिलिमीटरहून बारीक भोकांची जाळी लावावी. लाकडाचा ढीग सरडे-बेडकांसाठी फार उपयोगी, पण तो दारापासून आणि मुलांच्या खेळण्यापासून पाच-सहा मीटर दूर, कुंपणालगत करा. पायवाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत वीतभर अंतरापर्यंत कापलेलं ठेवा, रात्री बॅटरीशिवाय जाऊ नका, पाचोळ्यात हात घालताना आधी काठीने हलवा. बागेत दिसणारी धामण बिनविषारी असते. पण ओळखण्याच्या फंदात न पडता लांब राहून सर्पमित्राला बोलवावं. दंश झालाच तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं यांतलं काहीही न करता, तो अवयव हलवू न देता थेट प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात जायचं.

एकट्या राहणाऱ्या माश्यांना राखायला पोळं नसतं, त्यामुळे त्या हातात दाबल्याशिवाय सहसा डंख मारत नाहीत. आग्या माश्यांचं मोहोळ लागलं तर गोष्ट वेगळी. त्याखाली धूर करू नका, दगड मारू नका, जाणकाराला बोलवा.

## दाणे टाकले की झालं, नाही का?

दाणे टाकल्याने सर्वात आधी कबुतरं आणि कावळे येतात, बिचकणारे लहान पक्षी मागे हटतात. एकाच जागी गर्दी झाली की विष्ठा साचते, रोग पसरतो, आणि उंदीर येतात ते वेगळंच. दाण्याने अळ्यांची उणीव भरून निघत नाही. त्या खर्चात आणि वेळात दोन करवंदं आणि एक कढीपत्ता लावणं कितीतरी अधिक उपयोगी.

## बोलावून मारू नये

बाग आकर्षक केली आणि तिच्यात धोके तसेच ठेवले, तर आपण सापळाच लावला असं होतं. मोकळी फिरणारी मांजरं हा पहिला धोका. अमेरिकेत मांजरं दर वर्षी किमान १३० कोटी पक्षी मारतात, असा २०१३ सालचा अंदाज आहे. मांजर पाळलं असेल तर निदान पहाटे आणि संध्याकाळी घरात ठेवा. मोठ्या काचांवर पक्षी आदळतात, कारण त्यांना तिथे झाडांचं प्रतिबिंब दिसतं. काचेवर बाहेरच्या बाजूने दर पाच सेंटिमीटरवर ठिपके लावले तर हे थांबतं. एकच गरुडाचं चित्र चिकटवून उपयोग होत नाही. फळझाडावरच्या मोठ्या भोकांच्या नायलॉन जाळीत वटवाघळं आणि साप अडकून मरतात. जाळीऐवजी फळांना कापडी पिशव्या बांधा. बागेतला रात्रभरचा पांढरा दिवा पतंगांना मरेपर्यंत फिरवतो. पिवळसर, खाली तोंड केलेला आणि हालचाल झाली तरच लागणारा दिवा पुरतो. छाटणी पावसाळा संपल्यावर करावी, आणि तेव्हाही कात्री लावण्याआधी प्रत्येक झुडपात घरटं नाही ना हे बघावं.

## बाग नाही, गॅलरीच आहे

तरी सुरुवात होते. ऊन येत असेल तर कढीपत्ता आणि लिंबू १४ इंचांच्या कुंड्यांत, पानफुटी, कोरांटी, तुळस लहान कुंड्यांत आणि एक उथळ पाण्याची ताटली. वरच्या मजल्यांवर कीटक कमी येतात, पण येतात. लिंबाचं फुलपाखरू अंड्यापासून उडेपर्यंत साधारण महिनाभर घेतं, म्हणून पहिल्याच हंगामात काहीतरी दिसण्याची शक्यता असते. पेटीत चिमणी यायला मात्र वर्ष-दोन वर्षंही लागतात.

लहान मधमाश्या घरट्यापासून काहीशे मीटरच उडतात. त्यामुळे एकट्या बागेपेक्षा एका गल्लीतल्या चार-पाच बागा मिळून जास्त जीव जगवतात. शेजाऱ्यांना पसारा दिसू नये म्हणून बाहेरची कड कापलेली आणि वाट स्वच्छ ठेवा, आत झाडोरा कितीही दाट असला तरी चालतो. मग त्यांना रोपं देऊन पाहा. पानफुटीचं एक पान मातीवर ठेवलं तरी कडेने रोपं फुटतात. अडुळशाच्या पेन्सिलएवढ्या फांद्या पावसाच्या सुरुवातीला खोचल्या की धरतात. कढीपत्त्याचं बी मात्र फळ पिकल्यावर गर काढून लगेच पेरावं, वाळवून ठेवलेलं बी उगवत नाही.